पंप चालतो, पाणी चढत नाही

एप्रिलची अठरा तारीख, पारा त्रेचाळीस,
आणि माझा फोन उशीखाली थरथरतोय.
गोळीबार चौकापासून मानेवाड्यापर्यंत
सगळ्यांना आजच कूलर पाहिजे.
मी भिंतीकडे तोंड करून पडलोय.
सीझनचे हे साठ दिवस, बाकी वर्ष यावरच निघतं.
हे मला ठाऊक आहे.
ठाऊक असून पाय पलंगाखाली उतरत नाहीत.

चंद्रकला म्हणाली, ऊन लागलं.
पन्हं झालं, तळपायाला कांदा चोळून झाला,
मग तिची मावशी मीठ-मिरची ओवाळून गेली.
मिरच्या जळल्या, घरभर ठसका उठला,
म्हणजे नजर नव्हतीच.
मावशी जरा खट्टू झाली.

रात्री दुकानाच्या पायरीवर, इकडेतिकडे पाहून, रोशन बोलला,
"मी बी घेत होतो बावा. दोन साल.
धंतोलीत एक मॅडम आहे. कोणाले सांगू नको."
रोशन निनावे, वरातीत सगळ्यांपुढे नाचणारा.
ओळखीच्या घरात अचानक आणखी एक खोली निघावी
तसा मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

तरी आठ दिवस गेलो नाही.
चिडलं की म्हणतातच आपल्याकडे,
कोराडी रोडला नेऊन टाका याले.
मीही म्हटलंय, पोरांना हसवायला.
त्याच पागलखाना चौकात, एका उन्हाळ्यात,
वॉर्डातल्या कूलरची जाळी बदलताना
एका पेशंटनं माझा पेचकस धरून ठेवला होता,
अर्धा तास, दोन्ही हातांनी,
जणू काठोकाठ भरलेली वाटी.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
हे आताच का सलावं?

धंतोलीला निघताना टूलबॉक्स सोबत घेतला.
कोणी पाहिलं तर कामावर चाललोय असं वाटावं.

केबिनमधला कूलर खडखडत होता.
बेअरिंग.
मॅडम झोप विचारत होत्या, भूक, चिडचिड,
मी त्या खडखडीला कान लावून उत्तरं देत होतो.
मग म्हणाल्या, मरावंसं वाटतं का?
इतक्या सरळ, जसं आपण विचारतो
टाकीत पाणी आहे का.
मी म्हटलं, मरावंसं नाही जी. उठावंसं नाही.
आणि त्रेपन्नाव्या वर्षी हुंदका आला.
टेबलावर टिश्यूचा डबा होता, अर्धा संपलेला.
म्हणजे इथे रोज कोणीतरी रडतं.

हजारदा गिऱ्हाइकाला सांगितलंय,
मोटर जळली नाही ताई, गुणगुणते आहे बघा,
फक्त उचल घेत नाही. कंडेन्सर गेला. दीडशेचं काम.
वाटलं, मॅडमही असंच काही म्हणतील.
त्या म्हणाल्या, माणसाचं असं उघडून दाखवता येत नाही.
गोळी आहे. घ्यायची का, घरी बोला, विचार करा.
असर दिसायला तीन-चार आठवडे,
सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल.
बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही.
नको असेल गोळी, तरी बोलायला यायचं.
मी विचारलं, पण मी मीच राहीन ना?
त्या हसल्या नाहीत.
ते तुम्हीच येऊन मला सांगा, म्हणाल्या, पंधरा दिवसांनी.
निघताना राहवलं नाही. म्हटलं, बेअरिंग बदलावं लागेल.
"पुढच्या वेळी करा."

पाकीट टूलबॉक्सात ठेवलं, वॉशरच्या कप्प्यात.
तीन दिवस तिथेच होतं.
चौथ्या रात्री चंद्रकलाला सांगितलं, सगळं नाही, निम्मं.
ती बराच वेळ पदराचा दोरा ओढत बसली.
आईच्या बीपीच्या गोळ्या तीच देते, रोज आठ वाजता,
त्या गोळ्यांची कोणाला लाज वाटत नाही.
मग म्हणाली,
"जेवणाआधी घ्याची का नंतर?"

ते विचारायचंच राहिलं होतं.
पाकिटावरचं अक्षर मुंगीएवढं.
चष्मा शोधायला
मी पाय खाली ठेवले.