खजिनदार

लष्करातल्या आमच्या दत्तमंदिराची पेटी
दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी उघडतो.
ट्रस्टींनी मलाच नेमलं, एकमतानं.
सरनोबत म्हणाले, "याला देव नाही,
म्हणजे खाल्लं तर माफी मागायलाही कोणी नाही."
छत्तीस वर्षं ए.जी. ऑफिसात दुसऱ्यांची खाती तपासली,
इतकी सरळ शिफारस कुणी केली नव्हती.

बाहेर कोहरा. आम्ही इथले मराठी धुक्याला कोहराच म्हणतो.
कोपऱ्यावर गजक कुटल्याचा आवाज.
सतरंजीवर नाणी, हळदीत माखलेल्या नोटा,
एक फाटकी वीसची, जी बाजारात चालत नाही
आणि इथे चालते.
आणि ती चिठ्ठी:
"निरंजनला किडनी जुळू दे."
दर महिन्याला निघते. तेच अक्षर, नवी तारीख.
कुठल्या शीर्षाखाली नोंदवू?
पावतीपुस्तकात ठेवतो. सहा झाल्या.

नाही, मला साक्षात्कार वगैरे झालेला नाही.
औदुंबराला मी झाडच म्हणतो.
गाभाऱ्यात दगड आहे, चांगला कोरलेला.

पण मागे एका गुरुवारी आरतीत
डावीकडच्या खांबापाशी जागा रिकामी राहिली.
कुणी काही बोललं नाही, टाळ मात्र चुकला.
आरती संपायच्या आत दोघं निघाले,
शिरढोणकरबाईंचं दार फोडलं.
न्हाणीघरात पडल्या होत्या, जिवंत.
आमच्या विवेक मंडळात अकरा खुर्च्या आहेत.
मी गेलो नाही तर इतिवृत्तात "अनुपस्थित" लिहितील,
ऱ्हस्वदीर्घ सांभाळून.

ही जमा.
नावेही लिहितो, सवयच आहे:
बैजनाथ तीस वर्षं पायऱ्या धुतो,
तिसऱ्या पायरीपर्यंत.
वर यायला कुणी अडवत नाही, म्हणतात.
कुणी बोलावतही नाही.
आणि ज्या वर्षी कर्फ्यू लागला
त्या वर्षी याच पेटीतून काठ्यांचे पैसे गेले.
व्हाउचर आहे माझ्याकडे. "उत्सव खर्च."

दोन्ही रकाने मांडले की ताळा बसत नाही.
ऑफिसात असतो तर आक्षेप काढून
फाइल परत पाठवली असती.
इथे कुणाकडे पाठवू?

या खेपेस चिठ्ठी नव्हती.
पेटी उलटी केली, कोपऱ्यांतून बोट फिरवलं,
थोडं कुंकू लागलं फक्त.
जुळली असेल. किंवा
पुजाऱ्याला विचारलं, त्याला निरंजन माहीत नाही.

गुरुवारी आरतीला जाऊन उभा राहिलो,
दाराशी, चपलांजवळ,
हात खिशात,
आणि एकेक चेहरा मोजला.