लाखोळीला कोपरे असतात

रविवारी चारला, शाळेच्या वऱ्हांड्यात.
सरकारी मतदान अजून महिनाभर लांब आहे,
हे आमचं आमच्यातलं.
वॉर्ड तीनमधून बाईची जागा एक,
फारम भरणार कोण, ते आधी आपसात ठरवू.
मागच्या खेपेला आमच्यातल्या दोघी उभ्या राहिल्या,
मतं फाटली,
आणि सात मतांनी तिसरीच आली,
जिची आम्ही पाच वर्षं फक्त सही पाहिली,
तीही तिच्या नवऱ्याच्या अक्षरात.

म्हणून या वेळी पितळी गुंड,
तोंडाला फडकं, फडक्याला मनगटाएवढं भोक.
सेवंतासाठी लाखोळीचा दाणा,
अनुसयासाठी मुगाचा.
बाईमागे दाणा एक.
दुसरीच्या हातून पाठवलेला चालायचा नाही.

अनुसया माझी जाऊ.

आज बुधवार.
धान चुरायचं मशीन रविवारीच यायचं होतं आमच्या खळ्यात.
सकाळीच गेले तेजरामकडे,
सोमवार दे म्हटलं.
"काहून वो, रविवारी का आहे?"
"सासूचे गुडघे," म्हटलं.
सासूचे गुडघे किती कामी येतात माझ्या.
घरी सांगितलं, पुंजणं अजून आतून ओलं आहे.
ते गेले, हात खुपसून आले,
काही बोलले नाहीत.

द्वारका नदीपल्याड विटाभट्टीवर.
तिला फोन केला, शनिवारीच मुक्कामाला ये,
रविवारची बस चुलबंदीच्या पुलाशी थांबली तर थांबली.
म्हणाली, मजुरी बुडते एका दिवसाची.
म्हटलं, बुडते.
मग दोघी गप्प. मग म्हणाली, भात जास्तीचा टाक.

रत्नकलाला बाळंत होऊन अकरा दिवस.
ती नाही येणार, तर गुंड तिच्या दारी जाईल,
पण वाटेत धरायचा दोघींनी,
एक सेवंताकडची, एक अनुसयाकडची,
आणि मागून निदान एक म्हातारी,
जिला दोघींचाही भरवसा नाही.

शेणपाणी तीनच्या आत.
म्हैस वेळेआधी पान्हवणार नाही,
तिला कोणी सांगावं.
दूध मुलगा काढील. निम्मं सांडील. सांडू दे.

आता उरलं तेवढंच, जे कोणाशी बोलता येत नाही.
माझा हात पोळला तेव्हा
अनुसयाने दोन महिने माझ्या वाटचं पाणी भरलं.
आमची भिंत एक आहे,
तिच्या फोडणीने मला ठसका लागतो.
पण बैठकीत तिला विचारलं काही
की ती दाराकडे बघते,
दारात भासरे उभे असतात.
सेवंता एकटी गेली होती तहसीलला,
तीन खेपा, अंगणवाडीच्या छपरासाठी.
तिच्याशी माझं फारसं पटत नाही.
मंडईत उसना नेलेला माझा शालू
तिने डाग पाडून परत दिला,
आणि डाग आधीचाच आहे म्हणाली.

दोन्ही दाणे पदराच्या गाठीत बांधून
तीन दिवस झाले.

रात्री अनुसया आली, विरजण मागायला.
वाटी डाव्या हाताने पुढे केली.
उजवी मूठ मिटलेली होती, मी पाहिली,
तिनेही माझी गाठ पाहिली असावी.
"रविवारी संगच जाऊ ना वो?"
"संगच जाऊ."
ती दारात थोडी थांबली,
दही सांडेल म्हणून की काय, हळूहळू गेली.

दिवा मालवून मी गाठ सोडते.
भोकातून हात आत गेला की
डोळ्यांचा उपयोग नाही,
बोटांनाच ठाऊक हवं.
मूग गोल आहे, निसटतो,
कुठेही ठेवा, घरंगळून जातो.
लाखोळीला कोपरे असतात.
अंगठ्याला टोचतात थोडे,
पण ठेवली तिथे राहते.

पुन्हा एकदा. डोळे मिटून.
भिंतीपलीकडेही कोणी जागं आहे,
कोणाच्या तरी हातून जमिनीवर
काहीतरी बारीक पडलं,
आणि घरंगळलं नाही.