चौदा हात एक

क्लिफ्डनच्या बाजारात फेस्टी मॅनियन
करड्या घोडीशेजारी काठी उभी करतो,
आडवी पट्टी टेकते मानेमागच्या उंचवट्यावर.
कान नाही धरायचे हिशेबात; ते वाऱ्याचे.

सत्तावन्न इंच.
नुआला फोनवर चारने भागते:
चौदा पूर्णांक पंचवीस.
"पंचवीस कसले, पोरी? चौदा हात एक.
टिंबापुढे तीनपर्यंतच मजल.
चौथा इंच आला की त्याचा हात होतो."

हात म्हणजे कोपरापासूनचा नव्हे,
आडवा तळवा, अंगठ्यासकट.
आणि फेस्टीचा अंगठा तर गवतकापणीच्या यंत्रानं
कधीच नेलेला.
त्याच्या हातानं मोजली
तर घोडी सोळाच्या वर जाईल.

गिऱ्हाईक गॉलवेचं. काठीवर विश्वास ठेवतं,
थुंकी लावून नोटा मोजतं.

गाडी यायला अवकाश आहे.
फेस्टी ओणवा होतो, खुरापासून
तळव्यावर तळवा ठेवत वर येतो:
एक, दोन… गुडघा… आठ, नऊ…
आणि बरगडीपाशी, जिथे श्वास लागतो हाताला,
आकडा विसरतो.
किंवा विसरल्याचं दाखवतो.

नुआला फोन खिशात टाकते.