विंगेतून

सावईवेऱ्याच्या मांडवात पडदा सरतो तेव्हा
रंगमंचावर फारसं काही नसतं.
निळा दिवा, किल्ल्याची कापडी भिंत,
आणि भाला धरलेला रोहिदास.
दिवसा वीजखात्याचा लाइनमन,
खांबावर चढून गावाचा उजेड जोडतो.
इथे काळोखावर पहारा.

नाटक जुनं, समुद्रापलीकडचं.
कुणा मास्तरांनी कधीतरी मराठीत आणलं
आणि जत्रेच्या रात्री होऊन होऊन
आता आमच्यातलंच एक झालंय.
त्याची सुरुवात म्हणजे नुसते प्रश्न.
जो तो दुसऱ्याला नाव विचारतो,
कुणी सांगत नाही.
मेलेला राजा यायला अजून दोन पानं आहेत,
पण वाक्यं आधीच गळू लागतात,
वारा नसताना माडाची चुडतं गळतात तशी.

मी विंगेत. मांडीवर वही, तोंडात टॉर्च.
मला कुणी बघायचं नाही,
माझं ऐकायचं फक्त एकानं.
खरं तर भुताचं काम मीच करतो,
एक नारळ आणि दोन चहांवर.

यंदा रोहिदास पहिल्याच वाक्याला थांबला.
मी शब्द दिला, हलक्या आवाजात, एकदा.
त्यानं घेतला नाही.
मग लक्षात आलं:
आमच्याकडे रात्री एकदाच आलेल्या हाकेला
ओ देत नाहीत.
माणूस तीनदा हाक मारतो.
एकदाच मारणारे वेगळे.

आणि तो बघत होता त्या डाव्या विंगेकडे
जिथून एकोणीस वर्षं सगुण सतरकर यायचा
पांढरं घोंगडं, गालांना राख,
आल्या आल्या मुलं रडायची.
सगुण आषाढात गेला.
आता तिथे पतसंस्थेतला एक पोरगा
घोंगड्याला इस्त्री करून उभा.

रोहिदासचा भाला थरथरला.
वहीत नव्हतं ते तो बोलला:
‘कोण रे थंय? म्हाका भंय दिसता.’

कुणी हसलं नाही.
आम्ही आरत्या मराठीत म्हणतो,
पत्रिका मराठीत छापतो,
मराठीत दर वर्षी राजे होतो आणि मरतो.
भ्यायला मात्र
घरचीच भाषा लागते.
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी
शाली कानांवर ओढल्या.
एवढा चांगला पहिला प्रवेश
मी आजवर पाहिला नाही.

पहाटे वही बगलेत घेऊन घरी निघालो.
कुळागरातली वाट, पाटाचं पाणी,
राखणदाराच्या धोंड्यापाशी कुणी ठेवलेला रोट,
अर्धी विडी.
तिथे आवाज आला. सुपारीच्या रांगांमधून.
एकदाच.

‘ज्या उंबऱ्यावर मी दिवा होतो, त्या उंबऱ्यावर...’

मी उभा राहिलो.
राखणदार असता तर कोकणीत बोलला असता,
काठी आपटून, जा म्हणाला असता घरी.
हा मात्र स्वच्छ मराठीत अडला होता,
‘उंबऱ्यावर’ला थोडा जास्तच जोर देऊन,
नेमका तिथेच
जिथे एकोणीस वर्षं अडत आला होता.

नियम मला ठाऊक आहे. आईनं शिकवलाय,
तिला तिच्या आईनं.
पण दुसरीही एक सवय आहे, हाडात गेलेली.
समोर कुणी वाक्यात अडकून उभा असला
की ओठ आपोआप हलतात.

टॉर्च विझवली.
वही उघडायची गरज नव्हती.
हलक्या आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणालो:

‘...आज माझीच सावली नकोशी झाली.’

पाटाचं पाणी थोडं मोठ्यानं वाहिलं,
किंवा मला तसं वाटलं.
घरी येऊन पाय धुतले.
बायकोनं आतून विचारलं, कोण?
मी थांबलो
ती आणखी दोनदा विचारेपर्यंत.