एक किलो दोनशे

नलवडे आले ते भर दुपारी,
मंगळवार पेठेत गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला.
वीज मंडळाचे रिटायर लाइनमन. खिशात अजून टेस्टर.
म्हणाले, मोठी कात्री घे. आणि खोबरेल.
मी विचारलं, नवरी आहे का?
म्हणाले, आहे. त्रेसष्ट वर्षांची.

पाडळीत तानूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या,
मान एका अंगाला कललेली.
जट गुडघ्यापर्यंत, काळी नव्हे, तपकिरी,
भिजून वाळलेल्या सुंभासारखी,
तिला धुपाचा वास, भंडाऱ्याचा, जुन्या घामाचा.
पंचवीस वर्षं ती उशाला घेऊन झोपलेल्या.
उताणं झोपणं विसरून गेलेल्या.

नलवड्यांनी देवीबद्दल एक अक्षर काढलं नाही.
एवढंच विचारलं, मान किती दुखते?
"किती म्हंजे? दुकतीया म्हनूनच कळतंय मान हाय ते."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
"कापली तर ती कोपंल."
"कोपली तर माझं नाव सांगा. पत्ता लिहून देतो."
आणि खरंच लिहून दिला, वीजबिलाच्या पाठीवर,
शाहूपुरी, तिसरी गल्ली, कोल्हापूर, पिन कोडसकट.
बाई हसल्या.
तिथंच काहीतरी सुटलं, कात्रीच्या आधी.

आता माझं सांगते,
हे मी नलवड्यांनाही सांगितलेलं नाही.
मी बीएस्सी, केमिस्ट्री.
केस म्हणजे मेलेली गोष्ट, असं रोज गिऱ्हाइकांना सांगते.
आणि पहिली कात्री लावताना माझा हात थांबला.
दारातल्या बायका माझ्या हाताकडे नाही,
माझ्या कपाळाकडे बघत होत्या.
घरी पोरगा तापानं फणफणलेला. एकशे दोन.
ते नेमकं तेव्हाच का आठवावं?
हे जोडायला मला शिकवलं कुणी?
कुणीच नाही. ते हवेतनं येतं, धुळीसारखं,
डिग्रीच्या फ्रेमवरही बसतं.

मी खोबरेल ओतलं. थांबले. परत ओतलं.
मग कापलं.

पावणेदोन तास.
कात्रीची धार गेली तेव्हा विळा आला शेजारच्या घरातून,
आणला तो कपाळाकडे बघणाऱ्यांतल्याच एकीनं.

दुकानातल्या काट्यावर भरली एक किलो दोनशे.
दुकानदारानं नंतर पारडं गोमूत्रानं धुतलं.
नलवडे काही बोलले नाहीत.
त्याच पारड्यात पाव किलो साखर मोजून घेतली
आणि दारातल्या सगळ्यांना चहा पाजला.

पंधरा दिवसांनी पुतण्याची रेडी मेली.
फोन आला, तुमच्या बाईनं कापलं म्हणून.
नलवडे गुरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेले.
पोटातनं निघाले कुठल्याशा लग्नातले द्रोण
आणि प्लास्टिकची एक अख्खी पिशवी.
ज्यांना पटलं त्यांना पटलं.
पुतण्या अजून बोलत नाही.

पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता.
उतरला नसता तर मी काय म्हटलं असतं
ते मला माहीत नाही.
नलवडे म्हणाले असते, डॉक्टर बदल.

दिवाळीनंतर तानूबाई एकट्याच एसटीनं आल्या.
डोक्यावर चार बोटं पांढरे केस,
कपाळाला भंडारा तसाच, ठसठशीत.
"ती हाय तितंच हाय," म्हणाल्या,
"तिनं कवा केस मागितलं? मागनारी दुसरीच हुती."
खुर्चीत बसल्या. मागचं दाव म्हणाल्या.
मी दुसरा आरसा धरला.
बऱ्याच वेळानं दोन बोटांनी स्वतःची मान चाचपली,
परक्या घराची कडी चाचपावी तशी.

"पंखा लाव की गं."
"नोव्हेंबर आहे, बाई. गारठाल."
"लाव."