स्मरणिकेसाठी

डीन मॅडमचा निरोप आला:
खुडे, तुम्ही एकतीस वर्षं रेकॉर्ड रूमला होता,
आपल्या हॉस्पिटलचा इतिहास लिहून द्या, दोन पानं.
स्थापना, देणगीदार, इमारती,
आणि जरा प्रेरणादायी असू द्या.

मॅडम, देणगीदार दगडी पाटीवर आहेतच.
वाल्हेकर दर सोमवारी पुसतो ती पाटी.
मी तळघरातलं सांगतो.

सगळ्यांत जुनं रजिस्टर कातडी बांधणीचं,
हात लावला की कुंकवासारखी भुकटी बोटांना.
नाव, जात, पेशा, ताप.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द, पानामागून पान,
इतक्या वेळा की लिहिणाऱ्यानं पुढे
नुसत्या दोन टिंबांवर भागवलंय.
ती प्लेगची सालं.
एका पानावर टिंबांच्या किती जोड्या, हे मी
जेवणाच्या सुट्टीत मोजायला बसलो होतो.
डबा तसाच घरी नेला.

मग कॉलेज आलं.
म्हणजे पोरं आली, नव्या एप्रनच्या घड्या न मोडलेली,
आणि रजिस्टरात एक रकाना वाढला: केस दाखवली.
नऊ नंबरच्या खाटेवरची कावीळ
एका सकाळी बावीस जणांनी चाचपली.
बावीस सह्या आहेत.
दुखलं का, याला रकाना नाही.

एकसष्टच्या जुलैचं पान पेन्सिलीनं लिहिलेलं आहे.
कारकून शनिवारातले, नारायणातले,
पानशेतच्या पाण्यात आपापल्या कौलांवर बसलेले.
नोंदी केल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी.
ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही,
पण शुद्धीवरचं एकही माणूस
नुसतं 'स्त्री' किंवा 'पुरुष' म्हणून लिहिलेलं नाही.
नाव विचारलंय. ऐकू आलं नाही तिथं
खोडून पुन्हा विचारलंय.
ते पान मी ऑडिटवाल्यांना कधी दाखवलं नाही.
पेन्सिल नियमात बसत नाही.

आता तीन वर्षं मागं जा.
बाळंतपणाचं रजिस्टर, हिरवं, कोपरा उंदरांनी खाल्लेला.
मी ते नोकरी लागून सहा वर्षं झाल्यावर उघडलं,
दुसऱ्याच कुणाचा जन्मदाखला शोधताना.
यमुना लक्ष्मण खुडे, ताडीवाला रोड, तिसरी खेप.
मुलगा. सव्वापाच पौंड. उशिरा रडला.
बाळंतपण केलं: कु. पेरीन भाठेना, विद्यार्थिनी.
पुढे बारीक अक्षरात: पहिलंच.
शिकवणाऱ्या: सिस्टर भांबळ.
आणि सहीवर शाईचा मोठा डाग.

डाग मला ठाऊक होता, मॅडम.
आई सांगायची,
पारशीण होती, तुझ्या थोरल्या बहिणीएवढी दिसायची,
सिस्टर पलीकडच्या खाटेवर धावली तेव्हा
तिचे हात लटलटा कापायला लागले.
तू निळा. ती पांढरी.
मग मीच म्हणाले, घाबरू नको पोरी,
पाय धर त्याचे, उलटा कर, मार चापट.
दोन झालीत मला, मला ठाऊक आहे.

पेरीनबाई पुढे कुठं गेल्या, रजिस्टर सांगत नाही.
कुठल्या तरी गावी त्यांच्या हातांनी
शेकडो पोरं न कापता काढली असतील.

आता बारकोड आहेत. तळघर कोरडं झालं,
रजिस्टरांचे फोटो काढून झाले,
नवी इमारत अकरा मजल्यांची, लिफ्ट कधी कधी चालते.
हे तुम्ही लिहालच.

प्रेरणादायी काही जमलं नाही.
जागा कमी पडली तर देणगीदार गाळा,
पाटीवर आहेत ते.
आणि 'शिकवणाऱ्या' या रकान्यात
दुरुस्ती करायची तर लाल शाईनं,
तारीख घालून, साहेबांच्या सहीनं, असा नियम आहे.
मी नियम मोडला नाही.
सिस्टरच्या नावाशेजारी फक्त एक फुली आहे,
पेन्सिलीची.