वाक्याच्या शेवटी

माशाच्या वड्या तळणाऱ्या दुकानाच्या वर
प्यो मास्तरांचा वर्ग. संध्याकाळी सात ते नऊ.
जिना चढेस्तोवर केसांना तेलाचा वास लागायचा.
आम्ही चौदा जण. तेरा पोरं कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची,
आणि मी, तक सून-ये, वय एकेचाळीस,
बुसान बंदरातल्या विमा कचेरीत कारकून,
बढतीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारी.

भिंतीवर काळे ठिपके. नजर ठिपक्यावरून ठिपक्यावर
टाकायची, मान हलता कामा नये.
मास्तरांच्या मुठीत शर्यतीचं घड्याळ.
जीभ म्हणजे बैलगाडी, ते म्हणायचे,
आणि डोळा मोटार;
मोटारीला बैल कशाला जुंपता?
माझे ओठ हलतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं
आणि दातांत धरायला पेन्सिल दिली.

ओठ का हलतात ते मी सांगितलं नाही.
पाचवीत शाळा सुटली. पुढचं वाचन
डबाबंद मासळीच्या कारखान्यात झालं,
पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या लेबलांवर.
यंत्रांच्या खडखडाटात स्वतःला ऐकू यावं
म्हणून ओरडून वाचायचे मी :
मीठ. बांगडा. वजन. तारीख.

पेन्सिलीवर दातांचे वळ उमटले.
चाळीस अहवाल व्हायचे दिवसाला, ते साठ झाले,
श्रावणासारखे दमट दिवस आले तेव्हा एकशे दहा.
मेंग साहेबांनी माझ्या टेबलावर नवा पंखा ठेवला.
मास्तरांचं सूत्र सोपं होतं :
वाक्याचं डोकं धरा, शेपूट आपोआप मागे येतं.

पण आमच्या भाषेत क्रियापद शेवटी बसतं,
आणि नकार क्रियापदाच्याही आत, दबा धरून.
विंचवाची नांगी कुठे असते,
हे कारखान्यातल्या पोरीला कुणी शिकवायला हवं होतं का?

'मानबोक पाच', नऊ खलाशी, लाकडी बोट.
'तळातलं पाणी उपसणारा पंप
खोल समुद्रात भरवशाचा आहे...'
मी शिक्का मारला. पुढचा कागद.
रात्री भात निवत ठेवला होता तेव्हा
ते वाक्य उरलेलं शेपूट घेऊन परत आलं :
'...असं म्हणता येणार नाही.'

डोळ्यांनी पाहिलं होतं की सगळं!
फक्त मी तिथे नव्हते.

बोट पहाटेच सुटली होती. बिनतारी कक्षातल्या माणसाने
नाव विचारलं, खातं विचारलं,
मग म्हणाला, वादळबिदळ काही नाही, बाई, झोपा.
मी चार दिवस झोपले नाही.

पाचव्या दिवशी 'मानबोक' धक्क्याला लागली,
बांगड्याने गच्च भरलेली, पंप ठणठणीत.
मासे टोपल्यांतून उतरत होते,
कुणीतरी शिव्या देत हसत होतं.
काहीच घडलं नव्हतं. कुणाला काही कळलंही नाही.
मी मात्र माणसं मोजली,
ओठ हलवत, एकेक करून. आठ.
पुन्हा मोजली. आठ.
मग नववा इंजिनाच्या खोलीतून वर आला, चड्डीवर,
आणि काय बघतेस म्हणून माझ्यावरच खेकसला.

परीक्षेत मी तिसरी आले. मास्तरांनी
दुकानातून सगळ्यांसाठी वड्या मागवल्या,
पोरांना म्हणाले, हिच्याकडे बघा, बैलगाडीची मोटार झाली.
पेन्सिल मी परत दिली नाही.

आता दिवसाला सत्तर होतात. कधी पासष्ट.
पंखा मेंग साहेबांनी दुसऱ्या टेबलावर नेला.
कागद हातात आला की मी आधी
प्रत्येक वाक्याचं शेपूट उचलून बघते,
मग डोक्याकडे जाते.
उलटं वाचतेस, नवी मुलगी हसून म्हणते.
तिचे ओठ अजून हलतात.
तिला मी काही बोलत नाही.